आधी माझ्यावर करून बघा

मी एक संगणक बोलतोय. पाटोद्याच्या दूध संघाच्या कचेरीत खिडकीजवळच्या टेबलावर माझं ठाणं आहे. आत येणारा माणूस माझ्यावरून नजर फिरवतो आणि थेट समोरच्या काचेच्या खोलीकडे बघतो. तिथं संघाचा मोठा संगणक आहे. त्याला गार हवा लागते, त्याच्या दाराला कुलूप असतं. संघाचं खरं काम तो करतो. माझ्यावर चालतं ते सगळं खोटं. खोट्या वस्त्या, खोटे टँकर, खोट्या खेपा. तरीही माझी हकीकत तुम्ही ऐकून घ्यावी असं मला वाटतं, कारण एका उन्हाळ्यात या खोट्या कामावर खऱ्या माणसांचं पाणी अडलं होतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. पहिला उजेड पाहिला तो याच कचेरीत, खोका फोडताना. चेअरमन अण्णाराव नारळ घेऊन उभे होते. ते माझ्या काचेलाच कुंकू लावायला निघाले, तेव्हा कोणीतरी ओरडलं, "अण्णा, काचेला नको, कडेला लावा!" मग सगळे हसले. त्या दिवशी मला पेढाही दाखवला.

पुढची काही वर्षं मी मानानं राहिलो. सकाळ-संध्याकाळ दुधाच्या नोंदी माझ्यावर होत. माणसांच्या सवयी मला तेव्हापासून ठाऊक आहेत. काम अडलं की ती आधी माझ्या डोक्यावर टपली मारतात, मग वायर हलवतात, मग वीज मंडळाला शिव्या घालतात. आपण काय दाबलं ते मात्र कुणालाच आठवत नाही.

मग माझ्यापेक्षा वेगवान संगणक आले आणि मी पेंडीच्या गोदामात गेलो. तिथं माझ्या पाठीमागे उंदरांनी संसार थाटला. सरकीचा वास माझ्या पंख्यात जो बसला तो अजून गेलेला नाही.

मला तिथून बाहेर काढलं जगदेवीनं. ती इथल्याच कापडदुकानदाराची मुलगी. पुण्यात एका कंपनीत बरीच वर्षं सॉफ्टवेअर करत होती. आई मल्लम्मा अंथरुणाला खिळली म्हणून ती परत आली, आणि अण्णारावांनी तिला संघात बोलावून घेतलं. तिच्या हाताखाली वैजिनाथ होता. हात चपळ, डोकं तल्लख, आणि हसतमुख. पण एका जागी थांबणं त्याला जमत नसे.

"ताई, ह्याला कशाला काढलं? ह्याच्यात काय जीव उरलाय?" माझ्यावरची धूळ फुंकत वैजिनाथनं विचारलं.

"आपल्याला चुका करायला एक जागा पाहिजे," जगदेवी म्हणाली. "मोठ्या संगणकावर चूक झाली तर ती गावात जाते. ह्याच्यावर झाली तर ह्याच खोलीत राहते."

त्या दिवसापासून मी चाचणीचा संगणक झालो. जगदेवीची शिस्त साधी होती, पण ती मोडायला माणसांना रोज नवं कारण सापडे. बदल करायचा तो लहान करायचा. ज्यानं लिहिला त्यानं तो दुसऱ्याला वाचून दाखवायचा. मग माझ्यावर चालवायचा. माझ्यावर नीट चालला तर आधी एकाच टँकरवर, एकाच गावाला सोडायचा, आणि तिथून फोन आला की मगच सगळीकडे. जुनं जे चालत होतं ते पुसायचं नाही. ते तसंच्या तसं बाजूला ठेवायचं, म्हणजे उलटं फिरता येतं.

दर शनिवारी ती वैजिनाथला माझ्यासमोर बसवून उलटं फिरण्याचा सराव करून घ्यायची. नवं काढ, जुनं आण, चालतंय का बघ.

"ताई, आग लागली न्हाई तर रोज बादल्या भरून कशाला ठेवायच्या?" तो कुरकुरायचा.

"आग लागल्यावर बादली शोधायला वेळ नसतो म्हणून."

अण्णाराव दारात उभे राहून हा सराव बघत आणि हसत. "चालू द्या तुमची कवायत," म्हणत.

त्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस आलाच नाही. दिवाळीच्या आत तलावाचा तळ उघडा पडला. दूध आटलं. संघानं जनावरांची छावणी काढली आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांना टँकरनं पाणी पोचवायचं कामही अंगावर घेतलं. कोणत्या वस्तीवर किती माणसं, किती जनावरं, त्या हिशेबानं कुठल्या टँकरनं कुठं थांबायचं, हे जगदेवीनं केलेलं सॉफ्टवेअर ठरवायचं. चालकाच्या मोबाईलवर त्याची वाट उमटायची. वाटेत नसलेल्या ठिकाणी पाणी सोडायचं नाही, असा सक्त नियम होता, कारण आधीच्या दुष्काळात टँकर भलत्याच्याच शेतात रिकामे झाले होते.

आमच्या भागात माणसं मोजणं अवघड आहे. दसऱ्यानंतर निम्म्या वस्त्या ऊसतोडीला जातात. घराला कडी, दाराशी एखादी म्हातारी आणि एखादं कुत्रं. म्हणून त्या घरांपुढे 'कारखान्याला गेले' अशी नोंद व्हायची, आणि माणसं परतली की 'परत आले' अशी दुसरी. त्या वर्षी ऊसच नव्हता. कारखाने लवकर बंद पडले आणि उन्हाळा तापायच्या सुरुवातीलाच टोळ्या बैलगाड्यांसकट परत येऊ लागल्या. वस्त्या पुन्हा भरल्या, हौद मात्र कोरडे होते.

त्यातच एक तक्रार आली. काही घरांची नावं गावातही होती आणि छावणीतही. एका दावणीला दोन ठिकाणचं पाणी जातंय, अशी बोंब झाली. तपासणीला अधिकारी येणार असं कळलं. अण्णाराव अस्वस्थ झाले.

ती सकाळ मला स्पष्ट आठवते. जगदेवी वडवणीला गेली होती. तिकडच्या दूध केंद्रावर नवी नोंदणी सुरू व्हायची होती. कचेरीत वैजिनाथ होता, आणि फोनच्या टेबलावर वत्सलाबाई. अण्णाराव आत आले तेच बोलत.

"वैजिनाथ, साहेबलोक दुपारच्याला येतेल. त्येंच्यासमोर एक नाव दोन ठिकाणी निघालं तर आपले टँकरच बंद करतेल. ती दुहेरी नावं काढून टाक. आत्ता."

"अण्णा, लिहून ठेवलंय मी. पण ताई येऊ द्या. त्यांनी वाचलं न्हाई अजून. चाचणी बी व्हायचीय."

"ताई येईस्तोवर साहेब येऊन जातेल. दोन ओळींचा बदल हाय म्हनलास ना काल?"

"हाय दोनच ओळींचा."

"मग कावून घाबरतूस?"

वैजिनाथनं माझ्याकडे पाहिलं. मी चालू होतो. माझी काच उजळलेली होती. माझ्या पोटातल्या खोट्या वस्त्यांत दोन-तीन परतलेल्या टोळ्याही होत्या. जगदेवीनं त्या मुद्दाम घातल्या होत्या. त्यानं फक्त खुर्ची माझ्याकडे फिरवायची होती.

तो उठला, काचेच्या खोलीचं कुलूप काढलं आणि आत गेला.

माझ्यासारख्याला हाक मारता येत नाही. पंखा तेवढा घरघरतो, आणि तो तर रोजच घरघरतो.

थोड्या वेळानं वैजिनाथ बाहेर आला. "झालं, अण्णा. एकच नाव एकाच ठिकाणी."

अण्णारावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. वत्सलाबाईंनी चहा सांगितला. चहा यायच्या आत फोन वाजला.

वत्सलाबाईंनी फोन उचलला आणि लगेच कानापासून लांब धरला. पलीकडचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता.

"मी माळवस्तीवरून भिवराबाई बोलते. टँकर आमच्या म्होरून गेला. थांबला बी न्हाई! रातच्यापासून हौद कोरडा हाय. कावून न्हाई थांबला?"

"थांबेल, बाई, दुसरा येत असेल," वत्सलाबाई म्हणाल्या.

"दुसरा कवा? बैलं कारखान्यावरून चालत आणलीत आमी. तोंडाला फेस आलाय त्येंच्या!"

वैजिनाथच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून निघून गेलं. तो धावत आत गेला. वत्सलाबाईंनी फोन ठेवला तर तो पुन्हा वाजला. दुसरी वस्ती. मग तिसरी. सगळीकडून तेच. टँकर आला नाही, किंवा आला आणि थांबला नाही.

आतून वैजिनाथचा आवाज आला. "अण्णा... माळवस्तीवर माणसं शून्य दाखवतंय. जनावरं शून्य."

"शून्य म्हंजी?"

"म्हंजी तिथं कुणी ऱ्हातच न्हाई असं."

तो दारात आला. काय झालं होतं ते त्याला आता कळलं होतं. एका घराच्या दोन नोंदी दिसल्या तर पहिली ठेव, दुसरी काढ, असं त्याच्या दोन ओळींनी सांगितलं होतं. छावणीतल्या नावांसाठी ते ठीक होतं. पण ऊसतोडीच्या घरांची पहिली नोंद 'गेले' होती आणि दुसरी 'परत आले'. सॉफ्टवेअरनं दुसरी हिशेबातून काढून टाकली होती. सगळी परतलेली माणसं कागदावर पुन्हा कारखान्याला गेली होती.

तेवढ्यात अण्णारावांचा मोबाईल वाजला. माळवस्तीवरून पुढे गेलेल्या टँकरचा चालक, उत्तरेश्वर.

"चेअरमनसाहेब, लोकं रानातून आडवी पळत आलीत. गाडी अडवलीया. चाकाला दगड लावलेत. बाया म्होरं बसल्यात उन्हात."

"तू गाडी काढ तिथून."

"कशी काढू? म्हातारं मानूस हाय चाकापुढं! आन् पानी सोडू म्हनलं तर मोबाईलात ही वस्तीच न्हाई. हे पानी लिंबाच्या वाडीचं हाय. मी सोडलं तर उद्या मलाच चोर म्हनतेल."

मागून आरडाओरडा ऐकू येत होता. कोणीतरी पत्र्यावर काहीतरी आपटत होतं. मग मोबाईल कुणीतरी हिसकावून घेतला असावा, कारण आवाज बदलला. पुन्हा भिवराबाई होती, पण आता ती ओरडत नव्हती.

"साहेब, बैल बसलाय माझा. उठंना."

अण्णारावांच्या हातात नियम होता, आणि तो त्यांनीच केलेला होता.

"उत्तरेश्वरला दे," ते म्हणाले. "उत्तरेश्वर, पाणी सोड. माझ्या शब्दावर सोड. कुणी इचारलं तर चेअरमनचं नाव सांग."

वत्सलाबाई हळूच म्हणाल्या, "अण्णा, मग लिंबाच्या वाडीचं काय? त्यांचं पाणी तर हेच होतं."

पाणी तेवढंच होतं. एका ठिकाणचं दुसऱ्या ठिकाणी दिलं की तहान फक्त पुढच्या गावी सरकत होती. तलावाखालच्या विहिरीवर पुढच्या खेपेचे टँकर भरत उभे होते. त्यांना थांबवून धरावं, तर दुपारी वीज जाणार आणि पंप बंद पडणार. मग जेवढे भरले तेवढेच. सोडावं, तर ते चुकीच्या वाटेनं जाणार. कितीतरी वस्त्या मोबाईलमधून गायब झाल्या होत्या, आणि कोणत्या ते एकेक फोन आल्यावरच कळत होतं.

वैजिनाथ जगदेवीला फोन लावत होता. लागत नव्हता. वडवणीच्या वाटेवर मधे रेंज जाते. शेवटी तिचाच आला. तिला केंद्रावर कुणीतरी सांगितलं होतं.

"वैजिनाथ, ऐक. चूक कुठाय ते आता शोधत बसू नको. आधी मागं फिर. जुनं आण. पण..."

फोन तुटला.

"पण काय?" वैजिनाथ रिकाम्या फोनला विचारत राहिला. "ताई, पण काय?"

पुन्हा लावला, लागला नाही. पुन्हा लावला. अण्णाराव येरझाऱ्या घालत होते. "मागं फिर म्हनली ना? मग फिर की! कशाची वाट बघतूस?"

वैजिनाथ काचेच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. हात कुलपावर ठेवला. आणि तिथूनच वळून माझ्याकडे आला. खुर्ची ओढली, बसला. त्याची बोटं माझ्या कळांवर आली. घामानं कळा ओल्या झाल्या.

"अरे, तिकडं मोठ्यावर बस ना बे! ह्या डबड्यावर काय करतूस?" अण्णाराव ओरडले.

"सकाळी ह्याच्यावर केलं न्हाई, अण्णा. आता करतो."

"लोकं तडफडायलेत तिकडं!"

"म्हणूनच," वैजिनाथ म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

मला वेग नाही. मोठा संगणक जे चुटकीसरशी करतो त्याला मला चांगलाच वेळ लागतो. त्या दिवशी माझा पंखा जिवाच्या आकांतानं फिरत होता आणि काचेवर एक लहानसं चक्र गरगरत होतं. तिघंही त्या चक्राकडे बघत होती. फोन वाजत होते. वत्सलाबाई एकेक उचलून म्हणत, "करतोय, दादा, करतोय. थोडा धीर धरा." आपलाच शब्द त्यांना खोटा वाटत असावा, कारण दर फोनला त्यांचा आवाज आणखी बारीक होत होता.

चक्र थांबलं. जुनं सॉफ्टवेअर आणि त्याबरोबर ठेवलेल्या आदल्या दिवशीच्या नोंदी माझ्यावर उभ्या राहिल्या. माळवस्ती दिसली. माणसं, बैल, गाई, सगळं परत जागेवर.

"आली!" अण्णाराव म्हणाले. "झालं. घाल आता तिकडं."

वैजिनाथ अर्धवट उठला. मग पुन्हा बसला.

"वत्सलाताई, जरा इकडं या. हे वाचा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळू द्या न्हाईतर न्हाई. तुमी नुसतं वाचा. दुसऱ्या कुणी वाचल्याबगर न्हाई सोडायचं आता."

वत्सलाबाईंनी फोन बाजूला ठेवला, चष्मा लावला आणि माझ्या काचेवर बोट फिरवत मोठ्यानं वाचू लागल्या. माळवस्ती. बरोबर. त्याखालची वस्ती. बरोबर. लिंबाची वाडी...

त्या थांबल्या. "हे कमी दिसतंय."

"काय कमी?"

"लिंबाच्या वाडीची टोळी सकाळीच आली ना ट्रकनं. मी स्वतः नोंदवली, तुम्ही यायच्या आधी. बायका-पोरं, बैलं, समदी. ती इथं न्हाईत."

आदल्या दिवशीच्या नोंदी आणल्या म्हणजे आजची सकाळ पुसली जाणार होती. ज्या वाडीचं पाणी थोड्या वेळापूर्वी माळवस्तीला दिलं होतं, त्याच वाडीची नव्यानं आलेली माणसं आता नाहीशी होणार होती. मोठ्या संगणकावर हे झालं असतं तर सकाळच्या नोंदी परत कुठून आणणार होतो?

अण्णाराव खुर्चीत बसले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "कर बाबा," ते म्हणाले. "तुझ्या हिशेबानं कर. मी काही बोलत न्हाई."

आणि खरंच, त्यानंतर ते बोलले नाहीत. बोलावंसं वाटलं की टोपी चुरगळत.

वैजिनाथनं सकाळी टाइप झालेल्या नोंदींची मूळ यादी मोठ्या संगणकातून आधी माझ्यावर वेगळी ओढून घेतली. मग माझ्यावर पुन्हा जुनं सॉफ्टवेअर उभं केलं आणि त्यात सकाळ जोडली. पुन्हा ते चक्र, पुन्हा ती घरघर. वत्सलाबाईंनी पुन्हा वाचलं, वरपासून खालपर्यंत, प्रत्येक वाडीचं नाव तोंडानं घेत. या वेळी त्या कुठंही थांबल्या नाहीत.

तेव्हा कुठं तो काचेच्या खोलीत गेला. तिथंही त्यानं एकदम सगळीकडे सोडलं नाही. विहिरीवर उत्तरेश्वर पुन्हा टँकर भरायला आला होता. फक्त त्याच्या मोबाईलवर नवी वाट पाठवली.

"उत्तरेश्वर, काय दिसतंय सांग."

"थांबा... उघडतंय... लिंबाची वाडी हाय. मोठी खेप दाखवतंय. म्होरं माळवस्ती बी हाय. आली, आली वस्ती!"

"नीट बघ."

"नीटच बघायलो. निघू का?"

"निघ," वैजिनाथ म्हणाला. मग बाकीच्या गाड्यांच्या वाटा सुटल्या. वीज जायच्या आत शेवटचा टँकर विहिरीवरून हलला असं वत्सलाबाईंनी फोनवर ऐकलं, आणि त्यांनी पदरानं तोंड पुसलं. तपासणीचे अधिकारी येऊन गेले, टँकर चालूच राहिले. त्यांनी काय बघितलं, काय विचारलं, ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

जगदेवी आली ती एसटीतून उतरून पळतच. कपाळावर धूळ, एका पायातली चप्पल तुटलेली. वैजिनाथनं तिला बसूही दिलं नाही.

"ताई, पण काय? फोनवर तुमी 'पण' म्हनलात आन् तुटला."

जगदेवीनं पिशवी खाली ठेवली. "पण घाबरू नको, असं म्हणणार होते."

वैजिनाथ हसायला गेला आणि त्याला रडू आलं. जगदेवीनं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला, पण त्यानं तो उचलला नाही.

भिवराबाईचा बैल उठला नाही. हे संध्याकाळी उत्तरेश्वरनं येऊन सांगितलं. टँकरचं पाणी त्याच्या तोंडात ओतलं, अंगावर ओतलं, माणसांनी सावली धरली. नाही उठला. कारखान्यापासून एवढ्या लांब चालत आला आणि घराच्या दारात गेला.

दुसऱ्या दिवशी वैजिनाथ माळवस्तीवर गेला. कुणी पाठवलं नव्हतं. तिथं काय झालं ते मी पाहिलं नाही, पण बरोबर गेलेल्या उत्तरेश्वरनं वत्सलाबाईंना सांगितलं ते ऐकलं. चूक माझ्या हातून झाली, असं वैजिनाथ भिवराबाईला म्हणाला. तिनं ऐकून घेतलं. "पानी आलं, लेकरा," ती म्हणाली. "पर बैल गेला ना." आणि ती आत निघून गेली. त्याला बस म्हणाली नाही.

"पानी बी इचारलं न्हाई," उत्तरेश्वर म्हणाला. "आमच्यात वैऱ्याला बी इचारतेत."

संचालकांची बैठक माझ्यासमोरच झाली. एक संचालक टेबलावर हात आपटून म्हणाले, "त्या पोराला काढून टाका. विषय संपला."

जगदेवी शांतपणे म्हणाली, "काढा. पण त्याच्या जागी जो येईल त्यालाही कुणीतरी आत्ताच कर म्हणेल. तो काय करेल? वैजिनाथ वाईट म्हणून हे झालं नाही. एकट्या माणसाला कुलूप काढून आत जाता येत होतं म्हणून झालं. उलटं फिरण्याचा सराव मी घेत होते, पण त्यात त्या दिवसाच्या नोंदींचं काय होतं हे मीही कधी तपासलं नव्हतं. कुणी केलं हे विचाराल तर एक नाव मिळेल. कसं झालं हे विचारा, म्हणजे पुढच्या वेळी होणार नाही."

"आन् बैल?" ते संचालक म्हणाले. "त्याचं काय?"

"तो परत येणार नाही," जगदेवी म्हणाली. "म्हणूनच विचारतेय."

मग अण्णाराव उठले. "घाई माझी होती," ते म्हणाले. "पोरानं थांबा म्हनलं होतं. लिहून घ्या तसं. आन् आजपासून त्या खोलीचं कुलूप दोन किल्ल्यांचं करा. एक जगदेवीकडं, एक वैजिनाथकडं. दोघं असल्याबगर उघडायचं न्हाई. चेअरमन म्हनला तरी न्हाई. चेअरमन म्हनला तर आधी त्यालाच बाहेर काढायचं."

कुणीतरी हसलं, पण अण्णाराव हसले नाहीत.

त्या उन्हाळ्यात पुढेही कितीतरी बदल झाले. विहिरी आटल्या, वाटा बदलल्या, छावण्या हलल्या. प्रत्येक बदल आधी माझ्यावर आला. वैजिनाथ आता शनिवारच्या सरावाला कुरकुरत नसे. उलट तोच नवी संकटं शोधून माझ्या पोटात घालायचा. निम्मं घर परतलं आणि निम्मं कारखान्यावर राहिलं तर? एकाच नावाच्या दोन वाड्या असल्या तर? नोंद चालू असतानाच वीज गेली तर? मी अडखळायचो, थांबायचो, काचेवर तांबडी ओळ दाखवायचो. आणि तांबडी ओळ दिसली की जगदेवी म्हणायची, "बरं झालं, इथंच दिसलं."

पाऊस पडला तेव्हा टँकर थांबले. पण आमच्या भागात दुष्काळ एकदाच येऊन जात नाही, तो फेरी मारायला गेल्यासारखा जातो. मधल्या वर्षांत तो पुन्हा आला. तेव्हा अण्णाराव खुर्चीवर नव्हते. जगदेवी आता आठवड्यातले काही दिवस इथं असते आणि बाकीचे दिवस दुसऱ्या सहकारी संस्थांना हीच शिस्त शिकवत फिरते. वैजिनाथच्या कानशिलावरचे केस पिकलेत. माळवस्तीवर मात्र तो पुन्हा कधी गेला नाही, असं उत्तरेश्वर म्हणतो. टँकर तिथं पोचला का, हे विचारायचा फोन तेवढा दर खेपेला तो स्वतः करतो.

आज सकाळी नवे चेअरमन आले होते. चारावाटपाचा काहीतरी बदल त्यांना लगेच हवा होता. "छोटासाच आहे," ते म्हणाले. वैजिनाथ म्हणाला, "होय साहेब, छोटासाच असतो," आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. मला खूप वेळ लागला. नवे चेअरमन दोनदा घड्याळ बघून गेले. शेवटी माझ्या काचेवर तांबडी ओळ आली. वैजिनाथनं ती वाचली, जगदेवीला दाखवली, दोघांनी मिळून चूक शोधली, पुन्हा चालवलं. कुणाची टाळी नाही, कुणाचा फोन नाही. एका छावणीतल्या जनावरांना उद्याचा चारा मिळेल, आणि तो मिळणार नव्हता हे त्यांच्या मालकांना कधीच कळणार नाही. माझ्या नशिबी एवढीच कीर्ती आहे, आणि ती मला पुरते.

आता माझं वय झालंय. पोटातून टकटक आवाज येतो. चालू व्हायला कधीकधी दोन-तीनदा प्रयत्न करावे लागतात. पुढच्या आठवड्यात माझ्या जागी दुसरा येणार असं ठरलंय. मी कुठं जाईन ते अजून कुणी बोललेलं नाही.

जाण्याआधी तुम्हाला एक सांगतो. तुम्ही दूध मोजत असाल, पाणी वाटत असाल किंवा आणखी काही करत असाल, तुमच्याकडे माझ्यासारखं कुणीतरी ठेवा. ज्याच्यावर चुकलं तरी कुणाचं घर उपाशी राहणार नाही, असं कुणीतरी. सगळं सुरळीत असेल तेव्हा तर त्याच्यासमोर बसाच. पण ज्या दिवशी फोन वाजत असतील, साहेब येणार असतील, आणि मनात येईल की आता वेळ नाही, त्या दिवशी त्याला विसरू नका. तो हळू असेल. चिडू नका. तो तुम्हाला अडवेल तेव्हा त्याच्यावर हात उगारू नका.

थांबा, वैजिनाथ परत आलाय. खुर्ची ओढतोय. काहीतरी राहिलं असेल त्याचं. उरलेल्या दिवसांत अजून जेवढ्या चुका माझ्यावर करून घेता येतील तेवढ्या त्यानं करून घ्याव्यात, म्हणजे त्या उन्हात कुणाच्या दाराशी जाऊन उभ्या राहणार नाहीत.